काचेचा कारखाना

१७ जून

खडू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायला हात शिवशिवतोय, पण आज राहू दे. आज तुला आशीर्वाद दिला तर माझी मलाच लाज वाटेल.

आणि हो, खडूच लिहिणार. अर्थमंत्री असशील तुझ्या घरी. बाबांच्या शाळेतले खडू चोरून खाणारा आणि पांढऱ्याफटक ओठांनी "मी नाही खाल्ले, देवाशप्पथ" म्हणणारा पोरगा मी पाहिलाय. आज सभागृहातलं तुझं भाषण ऐकताना मला तेच ओठ दिसत होते.

काय म्हणालास? "एका अर्थविषयक वर्तमानपत्रातून बातमी छापण्याआधीच बाहेर विकली गेली. दोषींची गय केली जाणार नाही." बाकं वाजली. भाषण संपून तास झाला नसेल, तोवर साध्या कपड्यातली तीन माणसं माझ्या कचेरीत आली आणि टाचणीला खुर्चीवरून उठवून घेऊन गेली. अर्धा कप चहा टेबलावर तसाच. जिन्यापर्यंत गेल्यावर ती वळून म्हणाली, "बाई, माझा चष्मा." मी धावत जाऊन तो तिच्या हातात दिला. एवढीच मदत माझ्याच्याने झाली. आणि म्हणे मी संपादक!

टाचणी कोण हे तुला वेगळं सांगायला नको. चौदा वर्षं तुझ्या खात्याला टोचतेय, म्हणून तर तिला सगळे टाचणी म्हणतात. तुझ्या आधीच्या दोन मंत्र्यांनाही टोचली होती. त्यांनी तिला शिव्या घातल्या, जाहिराती बंद केल्या, पण तुरुंगात नाही टाकलं. दोन शाळकरी मुलं आहेत रे तिला. धाकट्याचा आज सकाळी पेपर होता आणि आई घरी का आली नाही हे त्याला शेजारणीने सांगितलं.

निळ्या पाटीच्या बँकेची बातमी तिचीच. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाला या बँकेने लोकांच्या ठेवी डोळे मिटून कर्ज म्हणून दिल्या, हे तिने खणून काढलं. सोमवारी आम्ही ते छापलं आणि त्याच दिवशी बँकेची दारं बंद झाली. पण आदल्या शुक्रवारी दुपारी एका कंपनीने आपल्या सगळ्या ठेवी गुपचूप काढून घेतल्या होत्या. कंपनी कोणाची? तुझ्या सासऱ्यांची. आणि टाचणीचा नवरा तिथेच हिशेबाच्या टेबलावर. झालं! तुझ्या चौकशीवाल्यांना आणखी काय हवं होतं? बायकोने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने साहेबाला सांगितलं. सासरेबुवांचं काय, तर त्यांच्या म्हणे "बाजारातली कुजबुज कानावर आली". त्यांच्या घरी चौकशीवाले गेले ते बिस्किटं खाऊन परत आले.

शुक्रवारी पान तयार असताना बातमी सोमवारी का छापली, हा प्रश्न अजून मला कोणी विचारलेला नाही. विचारला तर काय सांगू ते तेवढं कळव. अशी उत्तरं तुला चांगली जमतात.

फोन करत नाही. "फोनवर नको ताई, कागदावर लिही, ड्रायव्हरकडे दे," हा तुझाच नियम. तर हे कागदावर लिहिते. टाचणीचा यात काडीचाही संबंध नाही. तिला सोडव.

ताई


२१ जून

माननीय अर्थमंत्री महोदय,

आपलं पत्र पावलं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाइप केलेलं पत्र, वर खात्याची मुद्रा. खाली जावक क्रमांक टाकला नाहीस हे उपकारच म्हणायचे.

"कायदा त्याचं काम करेल." वा! "भावनेच्या भरात काही लिहू नकोस." "आईला जप."

आईला जप? अरे, लाज कशी वाटली नाही रे ते वाक्य टाइप करून घेताना? आईचं खातं कुठल्या बँकेत आहे ते ठाऊक आहे ना तुला? बाबांची पेन्शन जिथे जमा व्हायची तिथेच, निळ्या पाटीखाली. दारं बंद झाल्यावर ती दोन दिवस त्या रांगेत जाऊन बसली. घडीचं स्टूल घेऊन, डोक्यावर पदर ओढून. मी अडवलं तर म्हणाली, "माझे पैसे आहेत, मी विचारायला नको?" रांगेतल्या एकाने तिला ओळखलं. मंत्र्यांची आई, मंत्र्यांची आई म्हणून लोक जमले. कोणी हात जोडले, कोणी नाही नाही ते बोलले. एका बाईने तर तिच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या मुलाने तुमचे पैसे आधीच काढले असतील, इथे नाटक करायला आलात." आईने स्टूल मिटलं. घरी आली, चपला काढल्या आणि मला म्हणाली, "ती बोलली ते खरं असतं तर निदान बरं तरी वाटलं असतं."

तू सासऱ्यांना सांगितलंस असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. पण आईला सांगितलं नाहीस हे मला पक्कं माहीत आहे.

मीही नाही सांगितलं. घे, तुझ्या मनात आलंच असेल, म्हणून मीच लिहून टाकते. शुक्रवारपासून मला सगळं ठाऊक होतं. तीन दिवस आईच्या समोर बसून जेवले, तिच्या गुडघ्याला तेल लावलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. छापून येईपर्यंत बातमी घरात न्यायची नाही हा माझा नियम, तिलाही तो माहीत आहे. म्हणूनच बहुधा ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काल टाचणीला भेटून आले. मध्ये जाळी आणि पाठीशी एक पोलीसबाई जांभया देत उभी. नवऱ्याची नोकरी गेली हे तिला आधीच कळलं होतं. रडली वगैरे नाही. चष्म्याची एक काडी मोडलीय, ती दोऱ्याने बांधलीय. मला म्हणते,

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"शुक्रवारी माझं पान तयार होतं. तुम्ही का थांबवलंत?"

"वकिलांना दाखवायचं होतं," मी म्हटलं.

"वकील रविवारी आले होते का कचेरीत?"

बघ, कोठडीत बसूनही टोचते. मी विषय बदलला, मुलांचं विचारत बसले. खडू, तीस वर्षांत मी माझ्या वार्ताहराशी खोटं बोलले नव्हते. काल तुझ्यापायी बोलले.

आमच्या पानाची रीत तुला तोंडपाठ आहे. कोणाबद्दल वावगं छापायचं असेल तर पानाचं प्रूफ आधी त्याच्याकडे जातं आणि त्याचं म्हणणं बातमीखाली चौकटीत येतं. 'त्यांची बाजू'. ही रीत मी सुरू केली, मालक खेकसायचे तरी सोडली नाही. बँकांवर लक्ष ठेवायचं काम तुझ्या खात्याचं, म्हणून त्या शुक्रवारी सकाळी प्रूफ तुझ्याकडे पाठवलं. दुपारी ते परत आलं. चौकट कोरी, आणि समासात तुझं ते किरटं अक्षर: "ताई, सोमवारपर्यंत थांब. लोकांत घबराट नको. तोवर सोय करतो."

मला वाटलं बँक सावरायची सोय. मंत्री आहे, आपल्याच पोटात ठेवून काही करत असेल. थांबले. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर थांबले नसते, हेही लिहून ठेवते.

तुझ्या पन्नाशीच्या जेवणाचं आमंत्रण मिळालं. ते मात्र वहिनीने हाताने लिहिलंय. येईन. मला तुझं तोंड समोरासमोर बघायचंय.

ताई


२८ जून

खडू,

काल तुझ्याकडून निघाले ती गाडीत बसून थेट कचेरीत गेले. शनिवारची कचेरी, रविवारी आमचा अंक नसतो, त्यामुळे झाडूवाल्या मावशींशिवाय चिटपाखरू नव्हतं. जे बघायला गेले होते ते बघितलं आणि मग टाचणीच्या खुर्चीत बसून राहिले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती काल गेली. अजून उतरलेली नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलंय त्याला इलाज नाही.

तुला आठवत असेलच, तरी सांगते. सूप झालं होतं. भाचीने केक कापून झाला होता आणि "आत्या, तुला मोठा तुकडा" म्हणून माझ्या ताटलीत ठेवला होता. मधोमध सासरेबुवा बसलेले. अंगावर ती पांढरीशुभ्र सफारी, हातात ग्लास. भलते खुशीत होते. मला म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या पेपरने उशीर केला हो. आम्ही केव्हाच ओळखलं होतं. काचेच्या बंद कारखान्यात पैसे ओतणारी बँक, ती टिकणार किती दिवस?"

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली, तिला बिचारीला कशातलं काही ठाऊक नाही.

मी विचारलं, "कशाच्या कारखान्यात?"

"काचेच्या."

"काचेचा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, बाजारात पोरासोरांना माहीत होतं!"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू सुरीने पेअरची साल काढत होतास. फार मन लावून काढत होतास. मान काही वर केली नाहीस. मी केक तसाच ठेवून उठले आणि डोकं दुखतंय म्हणून निघाले. भाची दारापर्यंत आली होती. तिला सांग, आत्याचा राग तिच्यावर नाही.

आता नीट वाच. त्या कारखान्याला आज कोणीही काचेचा म्हणत नाही. काचेच्या बाटल्या तिथे बनायच्या त्या आपल्या लहानपणी. मागच्या बाजूला फुटक्या काचांचा ढीग असायचा आणि हिरव्या काचा वेचायला तू बाबांची नजर चुकवून पळायचास. एकदा टाचेत तुकडा रुतला. मी तुला पाठुंगळीला मारून घरी आणलं, माझा फ्रॉक मागून लाल झाला होता. तू सगळ्या वाटेवर मला बजावत होतास, "ताई, आईला सांगू नको. ताई, सांगू नको हं." मी नाही सांगितलं. दगडावर पडलास म्हणाले. तेव्हापासून तुझं झाकतेय मी.

पुढे तो विकला गेला. भट्ट्या पाडल्या, चिमणी पाडली, आणि बंद पडेपर्यंत तिथे फरशी बनली. आपण तोवर शहरात आलो होतो. त्या भागातल्या कोणालाही विचार, फरशीचा कारखानाच म्हणेल. तिथला बसस्टॉपसुद्धा फरशी कारखाना.

टाचणीने बातमीत बरोबर लिहिलं होतं, फरशीचा कारखाना. शुक्रवारी सकाळी तिची बातमी तपासताना मी फरशी खोडून काच केलं. नसता शहाणपणा! मनात म्हटलं, ही त्या भागातली नाही, हिला काय ठाऊक, मी तिथे वाढलेय. तेच पान तुझ्याकडे आलं. रविवारी छापायच्या आधी टाचणीच्या हातात पान पडलं तशी ती तणतणत माझ्या खोलीत शिरली. "बाई, काच कुठून आणलीत? मी स्वतः जाऊन आलेय. शेडमध्ये फरश्यांच्या थप्प्या आहेत, त्यांवर कोंबड्या बसतात!" मी निमूट परत फरशी केलं. सोमवारी छापली गेली ती फरशीच. काल कचेरीत जाऊन तिचा मूळ मजकूर पाहिला, सोमवारचा अंक पाहिला. सगळीकडे फरशी.

म्हणजे काच कुठे होती? फक्त शुक्रवारच्या त्या एका प्रूफवर. ते माझ्या हातातून तुझ्याकडे गेलं आणि तुझ्या हातातून माझ्याकडे आलं. मधल्या वेळात ते वाचून तू सासऱ्यांना कळवलंस, आणि माझी चूक जशीच्या तशी त्यांच्या तोंडी गेली. टाचणीने विकली असती तर त्यांनी फरशी म्हटलं असतं.

तुझ्या खात्याच्या फायलींत तो कारखाना फरशीचाच असणार. पण तू फाईल कशाला उघडशील? तू माझ्या पानावर काच वाचलंस आणि तुला ते खटकलंच नाही. कसं खटकेल? त्या जागेला काच म्हणणारी दोनच माणसं उरलीत, एक तू आणि एक मी.

सोय करतो म्हणालास ती ही सोय. आणि मी तुला त्यासाठी दोन दिवस दिले.

माझं चुकत असेल तर सांग. अजूनही सांग. टाइप करून नको.

ताई


२ जुलै

खडू,

या वेळी हाताने लिहिलंस. चार ओळी. चारही ओळींत "हे खोटं आहे" हे तीन शब्द कुठे दिसतात का ते मी दोनदा पाहिलं.

"ताई, त्या प्रूफवर माझं अक्षर आहे. लोकांचा गैरसमज होईल. ड्रायव्हर खाली उभा आहे, त्याच्याकडे बंद पाकिटात दे. टाचणीचं मी बघतो, महिन्याभरात प्रकरण थंड होईल." आणि खाली: "तूही थांबली होतीस, ताई. ते छापशील का?"

तुझ्या ड्रायव्हरला चहा दिला आणि रिकाम्या हाताने पाठवला. त्याच्यावर ओरडू नकोस, त्याने पाकीट मागितलं होतं.

महिन्याभरात थंड होईल! तुझं बरोबर आहे, तुझ्यासाठी महिना म्हणजे एक अधिवेशन. टाचणीच्या थोरल्याला शाळेत पोरं "चोरणीचा मुलगा" म्हणतात. नवरा तीन कंपन्यांच्या दारातून परत आला. त्याला कोण ठेवून घेणार? तुझ्याच भाषणाने त्याच्या कपाळावर शिक्का मारलाय.

तिच्या वकिलांनी मला चौकशीचे कागद दाखवले. सासरेबुवांचा जबाब आहे त्यात, सहीनिशी. "निळ्या पाटीच्या बँकेने काचेच्या बंद कारखान्यास कर्ज दिल्याचे बाजारात कानी आले, म्हणून ठेवी काढल्या." आणि पुढच्याच पानावर टाचणीची जप्त केलेली टिपणं. फरशी, फरशी, फरशी. दोन्ही कागद एकाच फायलीत एकमेकांना चिकटून बसलेत आणि तुझ्या एवढ्या मोठ्या चौकशी समितीत एकाला ते दिसत नाही. की दिसतंय?

परवा मालकांनी बोलावलं. फार गोड बोलत होते. "मॅडम, सरकार नवं आर्थिक सल्लागार मंडळ नेमतंय. तुमचं नाव आहे बरं का. तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीने आता रोजच्या धबडग्यातून बाहेर पडावं." मी विचारलं, "कोणी सुचवलं?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरून आलंय." वरून म्हणजे तुझ्याकडूनच ना रे? बहिणीला गप्प बसवायला खुर्ची पाठवतोस? लहानपणी गोळ्या द्यायचास, चिकट झालेल्या, खिशातल्या. त्या तरी तुझ्या स्वतःच्या असायच्या.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हो. छापीन. मी थांबले होते तेही छापीन.

तुला अजून संधी आहे. सोमवारी टाचणीच्या जामिनाची सुनावणी आहे. त्याआधी सभागृहात उभा राहा आणि सांग, "प्रूफ माझ्याकडे होतं, बातमी माझ्याकडून गेली." तू सांगितलंस तर मी पहिल्या पानावर तुझं निवेदन छापीन, एक शब्द न बदलता. आणि त्या दिवशी तुझ्या घरी येऊन तुझ्या शेजारी बसेन, कोणी काही म्हणो.

वाट बघतेय.

ताई


६ जुलै, सकाळ

खडू,

हे पत्र तुझा ड्रायव्हर घेऊन येईल तेव्हा अंक तुझ्या टेबलावर पडलेला असेल. आधी कोण वाचेल, तू की तुझा सचिव, मला माहीत नाही. बहुधा सासरेबुवांचा फोन सगळ्यांच्या आधी येईल.

तू उभा राहिला नाहीस. शुक्रवारी सभागृहात तुला थेट विचारलं गेलं आणि तू म्हणालास, "चौकशी चालू असताना बोलणं उचित नाही." त्याच बाकावरून चौकशी चालू व्हायच्या आधी कसा घडाघडा बोलला होतास!

मालकांचं ऐक, तुला मजा वाटेल. मला वाटलं होतं ते पान बघतील आणि मला दाराबाहेर काढतील. मी सरळ पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मॅडम, हे खरं? त्यांनी शुक्रवारी सासऱ्यांना सांगितलं?"

"हो."

"आणि मला? शनिवारी क्लबात भेटले, पाठीवर थाप मारली. म्हणाले, बँक ठणठणीत आहे, कोणाचं ऐकू नका!"

"तुमचे पैसे होते तिथे?"

ते एकदम कडाडलेच. "होते म्हणजे? अजून आहेत! अडकलेत! छापा. मोठ्या टायपात छापा."

तर असं आहे बघ. सत्याची चाड वगैरे काही नाही. तू सासऱ्यांना सांगितलंस, आणि ज्याच्या हातात छापखाना आहे त्याला थाप मारलीस. एवढा हिशेबी माणूस तू, पण इथे गडबडलास. मला हसू आलं आणि मग हसल्याचाही राग आला, कारण मालकांचे पैसे त्या बँकेत नसते तर ते पान आज टोपलीत असतं आणि टाचणीला सुटायची आशाच उरली नसती.

पहिल्या पानावर प्रूफचा फोटो आहे. माझ्या अक्षरातली काच आणि तुझ्या अक्षरातलं "सोय करतो". शेजारी सासरेबुवांच्या जबाबातली ओळ आणि टाचणीची फरशी. कोणाला समजावून सांगायची गरज पडणार नाही. त्याखाली माझ्या नावाने छापलंय की संपादकाने ही बातमी भावाच्या सांगण्यावरून दाबली, त्या दोन दिवसांत लोक आपले पैसे काढू शकले असते, आणि त्या लोकांत तिची आईही होती. राजीनामा मालकांच्या टेबलावर ठेवलाय. टाचणी सुटली की माझी खुर्ची तिला द्या असंही त्यात लिहिलंय. देतील की नाही, देव जाणे.

अकरा वाजता सुनावणी. वकिलांकडे अंकाच्या प्रती पोचल्यात. टाचणीचा नवरा पहाटेच येऊन एक प्रत घेऊन गेला. घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली. मीही जाणार आहे. आज तिने पुन्हा विचारलं की का थांबवलंत, तर खरं सांगेन. तिने तोंड फिरवलं तरी चालेल.

आता आईचं. काल संध्याकाळी मी पान घरी नेलं. छापायच्या आधी घरात नेलेलं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं पान. तिने खिडकीपाशी बसून सगळं वाचलं. तुझं अक्षर ओळखलं, त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "टाचेतली काच निघाली होती का रे तेव्हा सगळी?" तुलाच विचारल्यासारखं. म्हणजे तिला तेव्हाच ठाऊक होतं, खडू. दगडाचं तिने कधी मानलंच नव्हतं. आपण दोघं मूर्ख.

मग तिने मला विचारलं, "छापायच्या आधी त्याला दाखवलंस ना? तुमच्यात तशी रीत आहे ना?"

"नाही दाखवलं."

"मग त्या चौकटीत काय लिहिणार?"

मी तिला पानाचा खालचा कोपरा दाखवला. तिने वाचलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बरोबर आहे." नंतर आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या रडण्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. त्यासाठी तुला मी कधीच माफ करणार नाही, आणि स्वतःलाही नाही.

तू अंक हातात घेतलास की आधी खालचा उजवा कोपरा बघतोस, मला माहीत आहे. आपलं म्हणणं नीट छापलंय ना ते बघायला. आजही बघ. चौकट तिथेच आहे:

त्यांची बाजू — अर्थमंत्र्यांना या वेळी आधी विचारलेलं नाही. मागच्या वेळी विचारलं होतं.